मुलीची फिजिओथेरपी आणि दहा लाखांचं कर्ज: गणित बसतंय का?

भोसरीचा_बाबा | २८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी यंदा बारावी झाली. 'नीट'ची परीक्षा दिली, पण एमबीबीएस-बीडीएसच्या जवळपासचे मार्क नाहीत. तिला फिजिओथेरपी करायची आहे. "मेडिकलमध्ये काहीतरी" म्हणून नव्हे. माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा घरी येणाऱ्या फिजिओताईंनी आठ महिन्यांत तिला स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाती केली. ते हिने रोज शेजारी बसून बघितलंय.

मी भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वर्षाचं उत्पन्न ७ लाख २० हजार. घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. बाजूला साठवलेले साडेचार लाख.

पुण्यातल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात जागा मिळेल असं दिसतंय. फी वर्षाला ३ लाख, चार वर्षांचे १२. त्यातले २ मी घालणार, १० लाख कर्ज. १० टक्के व्याज, दहा वर्षं, म्हणजे मोबाईलवर हप्ता येतो १३,२१५. एवढा हप्ता फिजिओचा पगार झेपवेल का, एवढंच विचारायचंय. घरात दोन तट पडलेत.

नारायणपेठी | २८ जून, रात्री ११:०५

दोनच? मग घर शांत आहे म्हणायचं.

कॉलेजवाले "पॅकेज" सांगतील त्यावर जाऊ नका. गेल्या वर्षी पास झालेल्या तीन मुली गाठा, त्यांना पगाराची स्लिप दाखवा म्हणा. स्लिपच नसेल, रोख हातात मिळत असेल, तर तेही उत्तरच आहे.

फिजिओ_पौड_रोड | २९ जून, सकाळी ६:५०

दादा, मी बारा वर्षं या धंद्यात आहे. हो, धंदाच म्हणते. पहिला पेशंट साडेसातला आहे, त्याआधी जमेल तेवढं लिहिते.

२०१४ ला इंटर्नशिप संपवून बाहेर पडले. पहिली नोकरी एका खासगी हॉस्पिटलात, पगार ९ हजार. सकाळी आयसीयूत चेस्ट फिजिओ, दुपारी ओपीडी, संध्याकाळी "जरा थांबा, साहेबांचा राऊंड आहे." आज माझ्या क्लिनिकवर नवी मुलगी ठेवते तिला मी २० हजार देते. आसपासचे काहीजण १५ देतात आणि वर "शिकायला मिळतंय" हेही ऐकवतात. हॉस्पिटलांत थोडं वरखाली. म्हणजे पहिल्या वर्षी १५ ते २२ धरा. त्याहून जास्त मिळालं तर पेढे वाटा.

तिसऱ्या वर्षापासून मी घरी जाऊन ट्रीटमेंट द्यायला लागले. खरी कमाई तिथे सुरू झाली. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर. मुलं अमेरिकेत आणि गुडघे इथे, अशी घरं. गुडघा बदलल्यावर रोज कुणीतरी येऊन पाय वाकवून घेणारं लागतंच. आज एका व्हिजिटचे मी ६०० घेते. दिवसाला पाच झाल्या तर बरं वाटतं, पण त्या पाचांच्या मध्ये कर्वे रोडचं ट्रॅफिक असतं. पाचव्या वर्षी छोटं क्लिनिक घेतलं. आयएफटी, अल्ट्रासाऊंड ही दुखणं कमी करायची मशीनं जुनी घेतली, मान-कंबर ताणायचं ट्रॅक्शन टेबल हप्त्यावर. आता खर्च जाऊन बऱ्या महिन्याला सत्तर-ऐंशी हजार सुटतात. मे महिन्यात नाही. मे महिन्यात म्हातारी माणसं एकतर मुलांकडे जातात, नाहीतर मुलं इकडे येतात आणि "आता आम्ही आहोत ना" म्हणून फिजिओ बंद करतात.

आणि जे कुणी लिहीत नाही ते: कट. पेशंट पाठवणारे काहीजण वाटा मागतात. मी देत नाही, म्हणून माझी गाडी तीन वर्षं उशिरा सुरू झाली.

एक बघून घ्या. माझ्या वेळी चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती. २०२५ ला फिजिओसारख्या आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने नवा अभ्यासक्रम काढला त्यात इंटर्नशिप वर्षभराची, एकूण पाच वर्षं. तुमच्या कॉलेजला कुठला लागू आहे आणि इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड देतात का, लेखी विचारा.

पेशंट आले. पळते.

निवृत्त_कॅशियर | २९ जून, सकाळी ११:२०

बाबासाहेब, तुमचं गणित मुळातच चुकलंय, राग मानू नका. राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली सात शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर.

हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. व्याज मात्र पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून लागतं. तोपर्यंत ते सरळ व्याज असतं, पण हप्ता सुरू होताना सगळं मुद्दलात जाऊन बसतं.

दरवर्षी अडीच लाख उचलणार. पाच वर्षं कोर्स आणि वर एक, अशी सहा वर्षं धरली तर पहिल्या अडीच लाखांवर सहा वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर पाच, मग चार, मग तीन. अठरा वर्षं गुणिले २५ हजार, साडेचार लाख. हप्ता सुरू होईल तेव्हा देणं दहा नाही, साडेचौदा लाख असेल. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता १९,१६२. पंधरा वर्षं घेतली तरी १५,५८२, आणि बँकेला एकूण २८ लाख मोजाल.

वरच्या ताईंनी पगार सांगितलाय २० हजार. उरलेल्या ८३८ रुपयांत मुलीने काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरं, तारण. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. तुमचं घर आधीच गहाण आहे. विद्यालक्ष्मी पोर्टलवर प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेची संस्थांची यादी असते. कॉलेज तिच्यात असेल तर तारण-जामीन लागत नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलतही आहे. पण ती देशभरात वर्षाला एक लाख नव्या विद्यार्थ्यांनाच. मिळेलच असं धरून चालू नका.

तिसरं. कर्ज मुलीच्या नावावर असलं तरी सहकर्जदार तुम्ही असता. तिचे हप्ते चुकले की तुमचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, पडतो.

भोसरीचा_बाबा | २९ जून, दुपारी १:१५

काका, डबा खाता खाता वाचलं. घास फिरला. हा साडेचार लाखांचा प्रकार बँकेतल्या माणसाने सांगितला नाही. "कोर्स होईपर्यंत काही भरायचं नाही" एवढंच म्हणाला.

निवृत्त_कॅशियर | २९ जून, दुपारी १:४०

तो खोटं बोलला नाही. भरायचं नाही म्हणजे लागत नाही असं नव्हे.

जमत असेल तर व्याज शिकत असतानाच भरत चला. पहिल्या वर्षी महिन्याला २,०८३, चौथ्या वर्षी ८,३३३. कित्येक बँका त्याबद्दल एक टक्का सूटही देतात. मग हप्ता तुमच्या मोबाईलवर आला तोच, १३,२१५. घराचा हप्ता सांभाळून हे होईल का, ते घरात बसून बघा.

पगारदार_माणूस | २९ जून, दुपारी २:१०

प्राप्तिकरातली जुन्या ८०ई कलमाची सवलत विसरू नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं करसवलत.

नारायणपेठी | २९ जून, दुपारी २:१८

फक्त जुन्या करप्रणालीत. आणि २० हजार पगारावर मुळात कर किती बसतो, पगारदार? सवलत कशातून घेणार, चहातून?

वेरूळची_सून | २९ जून, सायंकाळी ७:३०

मी स्टाफ नर्स, सध्या हडपसर. माझं ऐकून लोक नाक मुरडतील, तरी लिहिते.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. राज्याची वेगळी सीईटी असते, सरकारी कॉलेजात लागलं तर फी अगदी किरकोळ. खासगी हॉस्पिटलात सुरुवातीचा पगार फिजिओएवढाच, रात्रपाळी वेगळी. पण सरकारी जागा निघतात, आणि निघतात तेव्हा मोठ्या संख्येने निघतात. केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते निराळे. माझी धाकटी जाऊ एम्सच्या परीक्षेतून लागली. तिच्यावर कर्जाचा एक रुपया नाही.

जर्मनीचंही बघा. आमच्या बॅचच्या दोघी बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकल्या. बी२ पातळीची परीक्षा होईपर्यंत दीड वर्ष गेलं. सुट्टीच्या दिवशी क्लास, रात्री ड्यूटी. आता तिकडे आहेत.

आमच्यात लग्नाच्या बाजारात "नर्स आहे" म्हटलं की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो, "फिजिओथेरपिस्ट आहे" म्हटलं की दुसरा घेतो. या एका कपासाठी लोक दहा लाख कर्ज काढतात असं मला कधीकधी वाटतं.

भोसरीचा_बाबा | २९ जून, रात्री ९:०५

ताई, तुम्ही नेमकं दुखरं बोट दाबलंत. घरात दुसरा तट आहे तो सासूबाईंचा. "कर्जासकट मुलगी कोण करून घेणार?" मुलीलाही विचारलं नर्सिंगचं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही क्वालिटीत आहात. उद्या प्रॉडक्शनला टाकलं तर तोच कारखाना आहे म्हणून जाल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एडिसनचा_पुणेकर | ३० जून, पहाटे ३:१२

इथे न्यू जर्सीत संध्याकाळ आहे. बायको फिजिकल थेरपिस्ट, म्हणून लिहितो.

अमेरिकेत हा आता डॉक्टरेट कोर्स आहे, पदवीनंतर तीन वर्षं. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ साली फिजिकल थेरपिस्टचं मध्यम वेतन वर्षाला सुमारे १ लाख १ हजार डॉलर होतं. ऐकायला भारी वाटतं, पण तिच्या वर्गात दीड-दीड लाख डॉलर कर्ज घेऊन बाहेर पडलेली मुलं होती आणि त्यांचंही रडगाणं हेच. इथले जुने लोक एक आडाखा सांगतात, एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको. आता तर १ जुलै २०२६ पासून पदव्युत्तर शिक्षणाची हवं तेवढं देणारी सरकारी कर्जयोजना नव्या विद्यार्थ्यांना बंद होतेय. पैसा मिळतोय म्हणून फी वाढतेय, असं त्या योजनेवर बोललं जायचंच.

तुमच्याकडे वर्षाचा पगार २ लाख ४० हजार आणि देणं साडेचौदा लाख. सहा पट. ताई म्हणतात तसं पुढे उत्पन्न वाढतं हे खरं, पण हप्ता पाचव्या वर्षाची वाट बघत नाही.

आणि "इथे शिकून अमेरिकेला जाईल" हे कर्ज काढायचं कारण म्हणून धरू नका. भारतातली पदवी तपासून घ्यावी लागते, कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात, मग लायसन्सची परीक्षा, मग व्हिसा.

कट्ट्यावरचा | ३० जून, सकाळी ९:४५

डॉक्टर लावता येतं का पण फिजिओला? मध्ये काहीतरी वाद झाला होता.

फिजिओ_पौड_रोड | ३० जून, सकाळी १०:०२

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नका असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. माझे पेशंट मला "ताई" म्हणतात आणि फी देतात. पुढे?

कट्ट्यावरचा | ३० जून, सकाळी १०:०६

नाही, सहज विचारलं.

संपादक मंडळ | ३० जून, सकाळी ११:३०

डॉक्टर या उपाधीवरचे पुढचे अठरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

दाखला_दे_रे | ३० जून, दुपारी ४:५०

मी एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात कारकून आहे. तीस प्रतिसाद झाले आणि एकानेही मूळ प्रश्न विचारला नाही, म्हणून लॉगिन केलं.

बाबा, उत्पन्न ७ लाख २० हजार. प्रवर्ग कोणता? ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचलाय का? आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी यांतल्या मुलींना, पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अट एवढीच की प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा, संस्था स्तरावरची जागा, खासगी अभिमत विद्यापीठ, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांना नाही.

तुम्ही ज्या जागेसाठी दहा लाख काढायला निघालात ती नेमकी माफी नसलेली जागा आहे. मुलीचं नाव फिजिओच्या कॅपला नोंदवलंय का?

भोसरीचा_बाबा | ३० जून, सायंकाळी ५:३८

आम्ही खुल्यातले. कॅपची नोंदणी करायची आहे, पण गेल्या वर्षीच्या कटऑफवरून पुण्यात लागणार नाही असं समुपदेशक म्हणाला, म्हणून तो विचार सोडला होता. सातारा किंवा नगरकडे लागेल म्हणे. बाहेरगावी खर्च वाढेल, आणि "त्या कॉलेजांना नाव नाही."

दाखला_दे_रे | ३० जून, सायंकाळी ६:१०

समुपदेशकाला पैसे कोण देतं तेही विचारा.

खुल्यातले असाल तर तहसीलमधून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढा. उद्याच. आत्ता सेतूत रांगा आहेत, पुढच्या आठवड्यात त्या रस्त्यावर येतील. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा, रेशनकार्ड. तुमच्या दाखल्यावर आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. माझी निम्मी नोकरी या एका अक्षरात जाते.

माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, हॉस्टेल, मेस हे तुमचंच. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. एक वर्ष विसरलात की त्या वर्षीची फी तुमच्या गळ्यात.

फिजिओ_पौड_रोड | ३० जून, रात्री १०:२०

कॉलेजच्या नावाबद्दल. बारा वर्षांत मला एकाही पेशंटने "तुमचं कॉलेज कोणतं" विचारलेलं नाही. "दुखणार का हो" हे मात्र प्रत्येकजण विचारतो. पहिल्या नोकरीला नाव थोडं उपयोगी पडतं, एमपीटी (फिजिओतली पदव्युत्तर पदवी) करून शिकवायचं असेल तर जास्त. बाकी मी मुलगी ठेवताना तिचे हात बघते आणि ती म्हाताऱ्या माणसाशी कशी बोलते ते बघते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. त्यांच्या हॉस्पिटलात पेशंट किती येतात ते बघा. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन बसा. चकाचक फिजिओ विभाग आणि चार पेशंट, तर मुलं एकमेकांवर शिकतात. गावाकडच्या हॉस्पिटलांत कधीकधी पुण्यापेक्षा जास्त केसेस असतात. अपघात, भाजलेले, उसाच्या मशीनमध्ये गेलेले हात.

आणि मुलीला एकदा माझ्याकडे पाठवा. व्यक्तिगत निरोपात पत्ता दिलाय. तीन दिवस नुसती कोपऱ्यात बसू दे. माझा उजवा अंगठा आता सकाळी दहा मिनिटं वाकत नाही, तोही तिला बघू दे.

भोसरीचा_बाबा | ९ जुलै, रात्री ११:१५

उशिरा लिहितोय, दाखल्यांमागे होतो. आईच्या आडनावात एका कागदावर "व्ही" आणि एकावर "डब्ल्यू" निघालं. दाखला भाऊ, तुमची आठवण काढली.

मुलगी पौड रोडला चार दिवस जाऊन आली. तिसऱ्या दिवशी घरी आली तर गप्प. म्हटलं उतरलं वाटतं डोक्यातून. तर म्हणाली, एक आजोबा ताईंवर ओरडले, पाय वाकवताना शिवी दिली, आणि जाताना उद्या कितीला येऊ विचारून गेले. जेवताना परत तेच सांगत होती.

नवं गणित मांडलंय, तपासा. कॅपमधून बाहेरगावी लागलं तर शिक्षण शुल्क शून्य. हॉस्टेल, मेस, बाकी शुल्कं, येणं-जाणं मिळून वर्षाला एक लाख धरलेत. इंटर्नशिप धरून पाच लाख. माझ्याकडे साडेचार आहेत. म्हणजे कर्जच नको?

निवृत्त_कॅशियर | १० जुलै, सकाळी ८:३०

नको. घरचे पैसे असताना दहा टक्क्यांचं कर्ज आणि सात टक्क्यांची एफडी एकाच वेळी ठेवणारा माणूस बँकेला फार आवडतो. शिवाय फीमाफी घेतलीत तर विद्यालक्ष्मीची व्याजसवलत मिळायची नाही, दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेणाऱ्याला ती नाही.

फिजिओ_पौड_रोड | १० जुलै, दुपारी ३:१०

काका, इथे मी भांडणार. सगळे साडेचार लाख शिक्षणात संपले, तर पाच वर्षांनी तिच्या हातात डिग्री आणि २० हजारांची नोकरी, बस. मी क्लिनिक घेतलं तेव्हा दुकानाचं डिपॉझिट बाबांच्या ग्रॅच्युइटीतून आलं होतं. नवख्या फिजिओला धंद्यासाठी कर्ज देताना बँक शंभर प्रश्न विचारते, शैक्षणिक कर्ज त्यामानाने सहज मिळतं. चार लाखांपर्यंत तर मार्जिनही, म्हणजे आपल्या खिशातला वाटाही, लागत नाही ना? मग ते काढा, व्याज महिन्याच्या महिन्याला भरा, आणि दोन-अडीच लाख तिच्या नावाने बाजूला ठेवा.

निवृत्त_कॅशियर | १० जुलै, सायंकाळी ५:००

मार्जिन नाही, बरोबर. चार लाख, व्याज भरत गेलं तर दहा वर्षांचा हप्ता ५,२८६. न भरता साचू दिलं तर ७,६६५. २० हजारांत पहिला झेपतो, दुसरा ओढाताणीचा. ताईंचा मुद्दा मला पटत नाही, पण चुकीचा आहे असंही म्हणवत नाही. मी कधी दुकान टाकलेलं नाही.

भोसरीचा_बाबा | २ सप्टेंबर, रात्री ९:५०

दुसऱ्या फेरीत साताऱ्याकडे लागलं. काल हॉस्टेलला सोडून आलो. ओपीडी बघितली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे सकाळी दहाला. बसायला जागा नव्हती, ऐंशी तरी माणसं असतील.

कर्ज दोन लाखांचंच काढायचं ठरलंय, तेही तिसऱ्या वर्षापासून. तोवर माझ्या पैशांत. काका आणि ताई दोघंही अर्धे नाराज होतील, इलाज नाही.

सासूबाईंनी निघताना मुलीच्या हातात पाचशे रुपये ठेवले आणि स्वतःचा गुडघा दाखवून विचारलं, "हा कधी बघशील?"

एक शंका राहिली. महाडीबीटीवर अर्ज भरताना आधार मुलीच्या खात्याला जोडलेलं लागतं की माझ्या?

दाखला_दे_रे | २ सप्टेंबर, रात्री १०:०४

मुलीच्या. आणि नुसतं जोडलेलं नाही, त्या खात्याला आधार सीडेड हवं, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून त्याच खात्यात जमा होतील अशी नोंद. बँकेत जाऊन हाच शब्द वापरा, नाहीतर ते केवायसी करून परत पाठवतील.